वाहतंय तवर

१

जयमालाचं काम बुडबुडे बघायचं. मोशी सोडून चाकणच्या बाजूला गेलं की हमरस्त्याच्या आत पत्र्याच्या शेडांची एक रांग लागते. तिथल्या चौथ्या शेडमध्ये ती नऊ वर्षं हेच करत होती. ओतून आलेली पंपाची ॲल्युमिनियमची बॉडी पकडीत घट्ट धरायची, आत हवा सोडायची, पाण्याच्या टाकीत बुडवायची आणि मनात तीसपर्यंत आकडे मोजायचे. बुडबुडा आला नाही तर माल पास. आला तर त्या जागी पिवळ्या मार्करने गोल, आणि बॉडी लाल क्रेटमध्ये. मोठा माल टाकीत मावत नसे. त्याला ब्रशने साबणाचं पाणी फासायचं. फेसात फुगा उभा राहिला की समजायचं, इथं भोक आहे.

कामाला लागली तेव्हा सुपरवायझर रोहिदासभाऊंनी तिला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मावशी, बुडबुडा दिसतो तिथं भोक असतं, पण दुखणं तिथं नसतं. हवा आत एकीकडून शिरते, धातूच्या पोटातून वाट काढते आणि भलतीकडेच बाहेर पडते. आणि दोन भोकं असली ना, तर एकावर अंगठा दाबून बघा. दुसरं लगेच मोठ्यानं बोलायला लागतं. आमच्या घरी आई आणि बायको आहेत, तसंच."

"सांगू का वहिनींना?" असं शेजारच्या टाकीवरची बाई म्हणाली, आणि दुपारपर्यंत सगळ्याजणी त्यावर हसत होत्या.

मागच्या दिवाळीत जयमालाची आई गेली. बीडकडच्या गावी तेरावं आटोपून जयमाला मोशीला परतली आणि पंधरवड्यात तिच्या डाव्या जबड्यावर, हनुवटीपासून दोन बोटं मागे, एक पुळी उठली. मसुराच्या डाळीएवढी, लालसर. दुखत नव्हती. मधूनच ओलावायची, उशीच्या अभ्र्यावर पिवळा ठिपका उमटवायची, की पुन्हा खपली.

आईलाही, म्हणजे चिमाबाईला, तिथंच एक जखम होती. जयमालाला आठवतं तेव्हापासून होती. चिमाबाई सगळा जन्म पदराचं टोक गालावर धरून वावरली. कोणी औषध सांगितलं की म्हणायची, "ऱ्हाऊ द्या. वाहतंय तवर बरं हाय."

पण गावातल्या कितीतरी बायकांना काही ना काही होतं. कोणाचा पाय सुजलेला, कोणाचा डोळा पांढरा. जयमालाने दोन्हींचा मेळ घातला नाही.

२

गल्लीतल्या डॉक्टरांनी मलम दिलं, मग गोळ्या, मग आणखी महागाच्या गोळ्या. पुळी बसली आणि नवव्या दिवशी परत आली. मग त्यांनी ती चिरली, आतलं काढलं, पट्टी बांधली. तीन आठवड्यांनी पट्टीखाली पुन्हा ओल. कातडीच्या डॉक्टरांनी भिंगातून पाहिलं, कपाळाला आठ्या घातल्या आणि म्हणाले, "एक छोटा तुकडा काढून तपासायला पाठवू या. घाबरू नका."

घाबरू नका म्हटल्यावर माणूस ज्याला घाबरतं, त्या शब्दाचा घरी कोणी उच्चार केला नाही. नवनाथ, तिचा नवरा, कंपनीतून आला की आधी तिच्या गालाकडे पाहायचा आणि मग टीव्हीकडे.

पण जयमालाला धसका त्या शब्दाचाही नव्हता. तिची एकुलती एक लेक, दिपाली, पोटुशी होती. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. दोन खोल्यांच्या फ्लॅटमधली आतली खोली जयमालाने संक्रांतीपासूनच रिकामी करायला घेतली होती. बाळाला पायावर घेऊन आंघोळ घालायची, शेक-शेगडी करायची, ही आपली जागा आहे असं तिच्या मनाने केव्हाच धरलं होतं. अशात चऱ्होलीहून दिपालीच्या सासूबाईंचा, अंबुबाईंचा फोन आला.

"ईनबाई, राग नका धरू. पन त्या गालाचं काय ते आदी निस्तरा. तान्ह्या लेकराला हात लावायचाय तुमाला. न्हाईतर आमी हितंच उरकतो बाळंतपन. आमाला काय जड न्हाई."

"नाही हो, होईल बरं तोवर," जयमाला म्हणाली.

"व्हय, व्हय. व्हायलाच पायजे."

फोन ठेवून ती आतल्या खोलीत गेली. बाई चुकीचं बोलली नव्हती, तेच तर बोचत होतं. तिने स्वतः नऊ वर्षं हेच केलं होतं. ज्याला गळती, ते लाल क्रेटमध्ये.

३

फेब्रुवारीतला एक गुरुवार होता. गुरुवारी शेडांना सुट्टी, आणि त्या दिवशी दुरुस्तीसाठी लाईटही गेली होती. नवनाथ कामावर. दुपारचा एक वाजला असेल. पंखा थांबला, फ्रीजची घरघर थांबली, वरच्या मजल्यावरचा मिक्सरही गप्प झाला. घर असं गप्प झालं की जयमालाला अंगातला शिणवटा कळायचा. सहा दिवस तो गोंगाटात बुडालेला असायचा.

ती तोंड धुवायला मोरीत गेली. आरसा छोटा, खिडकीच्या कडेला टांगलेला. साबण लावला, डोळे किलकिले करून पाहिलं, आणि हात जागीच थांबला.

जबड्यावरच्या फेसात एक फुगा उभा होता. अगदी त्या जागी.

तिच्यातल्या कामगाराने ते पाहिलं, बाईने नव्हे. फुगा म्हणजे भोक. भोक म्हणजे मागे हवा. बरं, मग असेल. पिकलेली जखम, आत पोकळी होत असेल. आपण तोंडातून श्वास सोडला असेल. तिने ओठ घट्ट मिटले. नाक चिमटीत धरलं. आणि सवयीने मोजायला लागली.

एक, दोन, तीन.

फुगा वाढत होता. घाईने नाही. हरभऱ्याएवढा झाला, बोराएवढा झाला, त्याच्या पाठीवर खिडकीचा उजेड वाकडा दिसायला लागला. चौदाला तो थांबला. आता फुटेल म्हणून ती वाट बघत राहिली. फुटला नाही. पंधरा, सोळा. तो बारीक होऊ लागला. बोर, हरभरा, मसूर. आणि पार आत गेला.

जयमालाने नाक सोडलं. स्वतःचा श्वास तिला आरशासमोर धापा टाकल्यासारखा ऐकू आला.

नऊ वर्षांत तिने लाखभर बुडबुडे पाहिले असतील. मोठे, बारीक, माळेसारखे, अडखळत येणारे. ते सगळे बाहेर आले होते. एकही कधी परत आत गेलेला नव्हता.

पंखा बंद होता म्हणूनच तिला पुढचं ऐकू आलं. अगदी हलकं, कानाच्या पाळीखाली, झोपलेल्या माणसाच्या नाकातून येतं तसं. तिने श्वास सोडला की येत नव्हतं. मध्येच कधीतरी येत होतं. फार सावकाश.

संध्याकाळी तिने नवनाथला सांगितलं. त्याने बूट काढता काढता ऐकलं.

"अगं, तू आता स्वतःलाच टाकीत बुडवायला लागलीस. दोन दिवस रजा टाक."

"मी दम धरला होता."

"तुला वाटलं असेल धरला म्हणून." मग तिच्या चेहऱ्याकडे बघून तो जरा मऊ झाला. "सोमवारी पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात जाऊ. मी अर्धी सुट्टी टाकतो. तुकडा तर तुकडा, एकदा काय ते कळू दे."

४

पिंपरीत कातडीच्या विभागात केसपेपर घेऊन दोन तास बसल्यावर एका वयस्क डॉक्टरांनी तिला आत घेतलं. त्यांनी गालाला हातही लावला नाही. म्हणाले, "तोंड उघडा." आत टॉर्च मारला, एक दाढ धातूच्या दांडीने टक्‌ टक्‌ वाजवली आणि केसपेपरवर दोन ओळी लिहून वरच्या मजल्यावर दातांकडे पाठवलं.

"गालाला झालंय हो," नवनाथ म्हणाला.

"दिसतंय गालाला," ते म्हणाले. "दुखणं दाढेला आहे."

जयमालाने मान वर केली. हे वाक्य तिने ऐकलेलं होतं.

दातांच्या विभागात करिष्मा मॅडम होत्या. तिशीच्या, बोलताना हात धुणाऱ्या, हात धुताना बोलणाऱ्या. त्यांनी एक नारंगी काडी काढली. उदबत्तीच्या काडीपेक्षा बारीक, रबरासारखी लवचीक. "काकू, ही आता त्या भोकातून आत सोडणार. दुखणार नाही. जिथवर जाईल तिथवर जाऊ द्यायची आणि फोटो काढायचा. मग घर सापडतं."

काडी गालातून आत गेली. जयमालाला खरंच दुखलं नाही. फक्त आत कुठेतरी, जिथं आपल्याला काही जाणवतं हे तिला आजवर माहीत नव्हतं, तिथं काहीतरी सरकत गेलं.

फोटोत पांढरी रेघ स्पष्ट होती. जबड्याच्या कडेपासून निघून वर वळत थेट खालच्या दाढेच्या मुळाशी टेकलेली. मुळाभोवती काळसर गोल सावली.

"ही बघा चोर," मॅडम म्हणाल्या. "दाढ आतून मेलेली आहे. मुळाशी पू साठतो. त्याला बाहेर पडायला वाट हवी, म्हणून त्याने हाड पोखरून गालातून वाट काढली. वाट मिळाली म्हणून दाढ दुखत नाही, आणि दुखत नाही म्हणून तुम्ही दातांकडे येत नाही. गाल कितीही चिरा, मूळ साफ होईपर्यंत हे बंद होत नाही."

नवनाथने इतका मोठा निःश्वास टाकला की शेजारच्या खुर्चीवरचा पेशंट वळून बघायला लागला. "म्हणजे ते दुसरं काही नाही?"

"ते दुसरं काही नाही. रूट कॅनल करू, तीन-चार वेळा यावं लागेल. मग दोन-तीन आठवड्यांत भोक आपोआप मिटेल. छोटी खळी राहील. छान दिसेल काकूंना."

जयमालाला रडू आलं. तिने पदराने डोळे पुसले आणि मग, कारण विचारल्याशिवाय राहवेना, त्या फुग्याबद्दल विचारलं.

"दाढेला वरून कीड आहे ना, पोकळ आहे ती. तोंडातली हवा तिकडून जात असेल."

"तोंड मिटलं होतं मॅडम."

"मग जिभेचा दाब पडला असेल. आपलं आपल्याला कळत नाही काकू." त्यांनी हातमोजे काढले, आणि काढता काढता पुन्हा वाकून तिच्या गालाकडे पाहिलं. "इथं लहानपणी काही लागलं होतं का हो? या पुळीच्या खाली जुना वण आहे. बराच जुना. टाचणीच्या डोक्याएवढा."

"आठवत नाही," जयमाला म्हणाली.

खरंच आठवत नव्हतं. घरी येताना बसमध्ये मात्र तिला भलतंच आठवलं. ती पाच-सहा वर्षांची. भर दुपार. घराच्या मागच्या दारात चिमाबाई बसलेली, पाठमोरी. एका हातात फुटका आरसा, दुसऱ्या हातात बाभळीचा काटा. तो काटा ती गालाकडे नेत होती. जयमालाची चाहूल लागल्यावर ती वळली नाही. "जा, खेळ," एवढंच म्हणाली. जखम साफ करत असणार. त्या काळी दवाखाना कुठं होता.

५

पहिल्या वेळी दाढ उघडली. दुसऱ्या वेळी मुळं धुवायची होती. मॅडमनी बोथट सुईच्या पिचकारीत औषधाचं पाणी भरलं.

"आता गंमत बघा. मी इथून दाढेत पाणी सोडणार आणि ते तुमच्या गालातून बाहेर येणार. घाबरायचं नाही. आलं की समजायचं, वाट मोकळी आहे."

नर्सने गालाला कापूस लावून धरला. मॅडमनी पिचकारी दाबली. सगळ्यांनी वाट पाहिली.

"आलं का?"

"नाही मॅडम. कोरडा आहे."

दुसरी पिचकारी. तिसरी. दाढेत पाणी उभं राहत नव्हतं, तोंडात परत येत नव्हतं, गालातून निघत नव्हतं. चौथी.

"काकू, गिळताय का तुम्ही?"

जयमालाने नाही म्हणून बोट हलवलं. तोंड ताणून उघडलेलं असताना माणूस गिळणार कसं? तिचे डोळे छताकडे होते, पण मन टाकीपाशी गेलं होतं. बॉडी बुडवली आणि टाकीतलं पाणी कमी होऊ लागलं, असं कधी झालं तर रोहिदासभाऊ काय म्हणतील? ते म्हणतील, मावशी, हा माल आपला नाही. कुठून आला बघा.

सहाव्या पिचकारीनंतर मॅडम थांबल्या. पिचकारी उजेडात धरून पाहिली, जशी काही तिच्यातच गोम असेल. "कुठं जातंय पाणी?" त्या हसत म्हणाल्या. नर्स हसली नाही. मग मॅडमही हसायच्या थांबल्या.

"असू दे. आत जिरलं असेल. सूज-बिज आली तर लगेच फोन करा." त्यांनी औषध भरलं, वर तात्पुरतं सिमेंट दाबलं. निघताना त्यांनी जयमालाला दुसऱ्यांदा विचारलं, दुखत तर नाही ना? मग केसपेपरवर काहीतरी लिहायला घेतलं आणि न लिहिताच पेनचं टोपण लावलं.

सूज आली नाही. त्या आठवड्यात फक्त तहान फार लागली.

६

एप्रिलच्या मध्यावर दाढेवर टोपी बसली. पुळी सुकली, खपली पडली, आणि हनुवटीपासून दोन बोटं मागे खरोखरच एक इवलीशी खळी उरली. नवा फोटो बघून मॅडम खूश झाल्या. मुळाभोवतीची सावली भरत आली होती. जयमालाने त्यांना घरचे शेंगदाण्याचे लाडू नेऊन दिले.

"झालं बाई एकदाचं," अंबुबाईंना तिने स्वतःहून फोन करून सांगितलं.

"लई बेस. मंग धाडते पोरीला," अंबुबाई म्हणाल्या, आणि आठ दिवसांत जावई ज्ञानेश दिपालीला गाडीतून घेऊन आला, बरोबर चुलीवर भाजलेल्या ज्वारीच्या पिठाचा डबा आणि सासूच्या बारा सूचना.

जयमालाने साबण लावून, दम धरून, तीसपर्यंत मोजून खळी पाहिली. मग साठपर्यंत. फेस तसाच्या तसा बसला आणि वाळला. पास.

फक्त डावा कान जड झाला होता. घाट चढताना गाडीत होतो तसा. जांभई दिली तरी मोकळा होत नव्हता. आणि दुपारी कामावरून येऊन आडवं झालं, की जबड्याच्या आत कोणीतरी तळहात टेकवून उभं आहे असं वाटायचं. ढकलत नव्हतं. नुसतं टेकलेलं. ती कूस बदलायची. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला, आठ तास उभं राहणाऱ्या बाईला, काय काय वाटायचं ते सगळंच खरं मानलं तर घर कसं चालायचं?

वैशाखात दिपाली बाळंत झाली. मुलगी. सातव्या दिवशी जयमालाने कामावर महिन्याची रजा टाकली. रोहिदासभाऊ म्हणाले, "जा मावशी, पण परत या. तुमच्याएवढी नजर कोणाची नाही."

७

बाळाच्या आंघोळीची वेळ सकाळी दहाची. मोरीत पाटावर बसून जयमाला दोन्ही पाय लांब करायची आणि नडग्यांवर बाळाला पालथं-उताणं घ्यायची. कोमट तेलाने चोळायची. मग साबण, मग तांब्याने पाणी. आतल्या खोलीत ओव्याची धुरी तयार असायची. दिपाली दारात उभी राहून म्हणायची, "आई, अगं जपून, रबराची बाहुली नाही ती," आणि जयमाला म्हणायची, "तुला असंच धुतलं, तुटलीस का कुठं?"

अकराव्या दिवशी दिपाली झोपली होती. जयमाला एकटीच होती. बाळ उताणं, डोळे मिटून, पाण्याच्या उबेत सुस्तावलेलं. तिने साबणाचा हात गळ्याखालून फिरवला, हनुवटीखालून फिरवला, आणि तांब्या उचलला.

डाव्या जबड्यावर फेसात एक फुगा उभा होता.

लहान मुलांच्या अंगावर फेसाचे फुगे होतातच. तिने बोटाने तो पुसला. कातडी पाहिली. दुधावरच्या सायीसारखी. ना पुळी, ना लाली, ना टाचणीएवढा ठिपका. तिने पुन्हा साबण लावला, गळ्याला, दोन्ही गालांना, सगळीकडे सारखा.

फुगा तिथंच उभा राहिला. त्याच एका जागी.

दाढ पोकळ असेल, असं तिच्या मनात आलं. सवयीने आलं. आणि मग तिने बाळाच्या किंचित उघड्या तोंडाकडे पाहिलं. गुलाबी, ओल्या, कोऱ्या हिरड्या.

बाळाची छाती चिमणीसारखी भराभर खालीवर होत होती. फुगा तसा हलत नव्हता. तो वाढत होता, सावकाश, त्याच्या स्वतःच्या वेळेने. जयमाला मोजत होती. बारा, तेरा. चौदाला थांबला. आणि आत जायला लागला.

तिने अंगठा ठेवला. विचार करून नाही, नऊ वर्षांच्या हाताने ठेवला. गळती दिसली की अंगठा.

त्याच क्षणी तिच्या स्वतःच्या खळीच्या मागून काहीतरी धडकलं. तो तळहात आता टेकलेला नव्हता. तो दार वाजवत होता. कान असा दडपला की तांब्यातून सांडणाऱ्या पाण्याचा आवाजही गेला. बाळाने डोळे उघडले. रडलं नाही. तोंड उघडून ते एक लांब श्वास घेऊ लागलं, घेतच राहिलं, एवढ्याशा छातीत मावणार नाही इतका लांब.

जयमालाने अंगठा काढला. तो लांब श्वास थांबला. बाळ खोकललं आणि मग टाहो फोडून, साध्या, भुकेल्या लेकरासारखं रडलं.

"आई? काय झालं गं?" आतून दिपालीचा झोपाळलेला आवाज.

"काही नाही. साबण गेला डोळ्यात."

८

तिने बाळाला पुसलं, धुरी दिली, दुपट्यात घट्ट गुंडाळलं आणि दिपालीच्या कुशीत दिलं. हे सगळं तिने नेहमीच्याच क्रमाने केलं. मग मोरीत परत येऊन दार लोटलं आणि पाटावर बसली.

निदान बरोबर होतं. फोटो बरोबर होता. दाढ मेलेली होती, मुळं साफ झाली होती, करिष्मा मॅडमच्या कामात काही खोट नव्हती. तिला सगळं पटत होतं. एक भोक बंद केलं होतं आणि दुसरं बोलायला लागलं होतं, एवढंच.

मागचं दार, फुटका आरसा, बाभळीचा काटा. आता तिला त्याच्या आधीचं आठवलं. त्या दुपारच्या आधी चार-आठ दिवस तिच्या स्वतःच्या गालाला काहीतरी झालं होतं. आईच्या पदराने ते सारखं टिपलं जायचं. आणि त्याच्याही आधी गावात डॉक्टरांचं कुठलं तरी शिबिर आलं होतं, आईचा गाल बरा झाला होता. महिनाभर आई पदर न धरता हिंडली होती. हसताना किती वेगळी दिसायची. मग ती काट्याची दुपार. आणि पुढे कधीच जयमालाच्या गालाला काही झालं नाही. चाळीस वर्षं. दिवाळीपर्यंत.

तिला भीती वाटायला हवी होती. पण शिफ्ट सुटायच्या वेळी आणखी एक क्रेट यावा तसं तिला वाटलं. करायला तर लागणार. दुसरं कोण करणार?

तिने हातातल्या बांगडीत अडकवलेली सेफ्टी पिन काढली. ओट्यापाशी जाऊन गॅसवर धरून लाल केली, गार होऊ दिली. मोरीत परत येऊन दार लोटलं आणि आरशापाशी गेली. खळी बरोबर मध्ये होती, जशी कोणी खूण करून ठेवावी. आत तो तळहात वाट बघत टेकलेला होता.

फार दुखलं नाही.

मग तिने बोटावर साबण घेतला, फेस केला आणि जबड्याला लावला. नाक चिमटीत धरलं. एक, दोन, तीन. नऊला कान मोकळा झाला. बाहेरचे सगळे आवाज एकदम परत आले, रस्त्यावरचा टेम्पो, वरच्या मजल्यावरचा मिक्सर. अकराला फेसात फुगा उभा राहिला.

"दिपा," तिने दाराआडूनच हाक मारली. "बाळ काय करतंय?"

"झोपलं गं. छान झोपलं."

"जरा बोट ओलं करून साबण लाव तिच्या गालाला. डाव्या. हनुवटीच्या मागं."

"आई, झोपलेल्या बाळाला साबण?"

"लाव म्हणते ना. तेल राहिलंय तिथं."

थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. जयमालाचा फुगा वाढून थांबला आणि सावकाश आत गेला. तो आत जाईपर्यंत ती हलली नाही.

"लावला. आता?"

"फेस कसा दिसतो?"

"कसा दिसणार? फेसासारखा. वाळला पण. अगं, तू काय करतेस आत एवढा वेळ?" आणि दार उघडलं. दिपाली उभी होती, केस सुटलेले, बोटावर साबण. तिची नजर आईच्या गालावरच्या ओल्या लाल थेंबावर गेली, मग पिनेवर.

"आई. परत उघडलं? अगं, मॅडमना फोन कर. आत्ता कर. सासूबाईंना कळलं तर मला उद्याच्या उद्या घेऊन जातील."

"जाऊ दे घेऊन," जयमाला म्हणाली. आवाज तिला स्वतःचाच वाटला नाही, इतका शांत होता. "चार दिवस लवकर जाशील. बाळ ठणठणीत आहे."

"पण तुझं काय?"

जयमालाने पदराचं टोक ओलं केलं आणि गालावर धरलं. ते तिथं कसं धरायचं हे हाताला आधीच माहीत होतं. ती सत्तेचाळीस वर्षांची. आई त्र्याहत्तरला गेली. म्हणजे बाळ सव्वीस वर्षांचं होईल तोवर.

"माझं काही नाही," ती म्हणाली. "वाहतंय तवर बरं आहे. जा, तिच्यापाशी बस."

दिपाली गेली नाही. दारातच उभी राहून बघत राहिली. जयमाला आरशाकडे वळली, पाठमोरी झाली. तिने पिन पदराला पुसली आणि परत बांगडीत अडकवली, जिथं हात चटकन जाईल तिथं.